ब्रेक नसलेली नोकरी

परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. मातीचा लंबगोल ट्रॅक, त्यावर चार मोटारसायकली, चौघंही वळणावर गाडी आडवी टाकून घसरत चाललेले, मागे मातीचा फवारा. खाली लिहिलेलं, ‘या गाडीला ब्रेकच नसतात!!! जिगर पाहिजे राव!’ त्यावर एकोणीस अंगठे आणि दंड फुगवलेले दोन हात.

मी अशा ठिकाणी सहसा गप्प बसतो. सकाळच्या सुविचारांशी आणि रात्रीच्या विनोदांशी भांडण्यात अर्थ नसतो, हे एव्हाना शिकलोय. पण त्या ‘जिगर’ शब्दाने माझं डोकं फिरलं. ग्रुपवर चार ओळी खरडल्या, पुसल्या, पुन्हा खरडल्या. शेवटी इथेच लिहायचं ठरवलं. इथे निदान मला मध्येच कुणी फुलांचा गुच्छ पाठवणार नाही.

तर या खेळाचं नाव स्पीडवे. माझी आणि त्याची ओळख झाली २०१६ साली, इंग्लंडात स्विंडनला. कामानिमित्त गेलो होतो. गावाबाहेर ब्लन्सडनला ॲबी स्टेडियम नावाचं जुनं मैदान होतं आणि तिथे १९४९ पासून ‘स्विंडन रॉबिन्स’ नावाचा संघ खेळत होता. ऑफिसातले एक साठीचे गृहस्थ लहानपणापासून तिथे जात. तेच मला आणि माझ्या शेजाऱ्याला घेऊन गेले. शेजारी गोव्याचा (स्विंडनमध्ये गोव्याची मंडळी भरपूर). पहिली रेस संपली तसा तो माझ्या कानात म्हणाला, "अरे, हे तर मौत का कुआँ!"

मला हसू आलं, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. त्याच्याकडे पुढे येतोच.

आधी खेळ समजून घेऊ, कारण ‘ब्रेक नाही’ एवढंच सांगितलं की तो निव्वळ वेडेपणा वाटतो. गाडी ५०० सीसीची, एकाच सिलिंडरची, पेट्रोलऐवजी मिथेनॉलवर चालणारी. गिअर एकच. ब्रेक खरंच नाही. चार रायडर, चार फेऱ्या, कायम डावीकडे वळत. डाव्या बुटाखाली लोखंडी तळवा बांधलेला, वळणावर तो जमिनीला टेकवून मागचं चाक बाहेर घसरवायचं. रेस जेमतेम एका मिनिटाची. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि चौथ्याला भोपळा. ब्रेक का नाही? चौघं हातभर अंतरावरून घसरत असताना पुढच्याने ब्रेक दाबला, तर मागचा थेट त्याच्या पाठीत जाईल. म्हणजे ब्रेक नसणं हा मर्दानगीचा प्रकार नाही, ती सुरक्षेची सोय आहे! वेग सांभाळायचा तो मूठ आणि घसरण यांच्या मेळातून. हे कसब आहे, आणि ते शिकायला वर्षानुवर्षं जातात.

आता ज्यामुळे माझं डोकं फिरलं, ती गोष्ट.

दुसऱ्या-तिसऱ्या सामन्याला मी त्या गृहस्थांना सहज विचारलं, "यांना पगार किती असतो हो?" ते म्हणाले, पगार नसतो. गुणांवर पैसे. रेसमध्ये जितके गुण, तितके पैसे. आपल्याच संघातल्या जोडीदाराच्या मागोमाग दुसरा किंवा तिसरा आलास तर बोनसचा एक गुण, त्याचेही पैसे. कुठे सुरुवातीला करारापोटी ठरलेली रक्कम मिळते, कुठे नुसती रेसला उभं राहिल्याबद्दल थोडंफार. पण गाडा चालतो तो गुणांवर. चौथा आलास तर त्या रेसच्या गुणांचे पैसे शून्य.

आणि गाडी कुणाची? त्याची. इंजिनं? त्याची, आणि एकावर भागत नाही. इंजिन खोलून नीट करणारा ट्यूनर वेगळा, त्याचं बिल रायडरला. मेकॅनिकचा पगार रायडरने द्यायचा. व्हॅन त्याची, डिझेल त्याचं. चांगला रायडर एकाच देशात खेळून पोट भरू शकत नाही, म्हणून एकाच आठवड्यात इंग्लंड, स्वीडन, डेन्मार्क, पोलंड असं फिरायचं. गाड्या रस्त्याने पुढे, आपण विमानाने मागे. कागदोपत्री तो कुणाचा नोकर नाही. तो ‘स्वयंरोजगारित’ आहे. म्हणजे एका माणसाचा कारखाना, ज्यात मालक, कामगार आणि कच्चा माल, तिन्ही तोच.

अशा माणसाचा पाय मोडला तर काय होतं? कारखाना बंद. मेकॅनिकचा पगार मात्र चालू, ट्यूनरचं बिल चालू, घराचा हप्ता चालू. मग तो काय करतो? मोडक्या पायाने गाडीवर बसतो. आणि आपण स्टँडमध्ये उभं राहून म्हणतो, काय जिगर आहे!

जेसन डॉयलचं उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियाचा, पण स्विंडनचा लाडका. २०१६ साली जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेत तो गुणतक्त्यात पहिला होता. शेवटच्या काही रेस उरल्या असताना पोलंडमध्ये तोरुनला पडला. खांदा निखळला, फुप्फुसाला इजा झाली. मेलबर्नची अखेरची फेरी हुकली आणि अजिंक्यपद अमेरिकेच्या ग्रेग हॅनकॉककडे गेलं. पुढच्या वर्षी, २०१७ च्या ऐन हंगामात, त्याचा पाय मोडला. तो थांबला नाही. कुबड्या घेऊन वावरायचा आणि गाडीवर बसून रेस करायचा. त्या वर्षी तो जगज्जेता झाला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. त्याच वर्षी रॉबिन्सनीही इंग्लंडची लीग जिंकली. गावात काय आनंद होता म्हणून सांगू! मीही ओरडून घसा बसवून घेतला.

डॉयलचं कौतुक मला आजही आहे. त्याच्या मनात तेव्हा काय होतं, हे मी सांगू शकत नाही. जगज्जेतेपद समोर दिसत असताना तो घरी बसला असता असंही नाही. पण डॉयल शिखरावरचा माणूस. त्याच्या खाली शेकडो रायडर आहेत, ज्यांच्यासमोर कुठलंही अजिंक्यपद नाही, फक्त पुढचा आठवडा आहे. तेही मोडक्या मनगटाने आणि पट्ट्या बांधलेल्या बरगड्यांनी गाडीवर बसतात. त्यांच्या बाबतीत ‘जिगर’ हा शब्द खोटा आहे. खरा शब्द ‘हप्ता’ आहे.

हे मला कळलं, कारण तेव्हा मीसुद्धा रोजावरच होतो. कॉन्ट्रॅक्टवर. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी पैसा नाही. २०१७ च्या हिवाळ्यात पाठीने दगा दिला, खुर्चीत बसवत नव्हतं, तरी तीन आठवडे गोळ्या खाऊन उभ्याने काम केलं. ऑफिसातल्या मंडळींनी माझ्या ‘डेडिकेशन’चं तोंडभरून कौतुक केलं. मी मनात म्हटलं, कसलं डोंबलाचं डेडिकेशन! आजारपणाची रजा द्या, आत्ता घरी जाऊन झोपतो. आणि मी नुसता कीबोर्ड बडवत होतो. मला कुणी कुंपणावर आपटणार नव्हतं.

कुंपणावर आपटणं ही या खेळात अलंकारिक भाषा नाही. डेन्मार्कचा तीन वेळचा जगज्जेता एरिक गुंडरसन १९८९ साली ब्रॅडफर्डला पडला, जीव थोडक्यात वाचला, कारकीर्द तिथेच संपली. १९९० चा जगज्जेता, स्वीडनचा पेर योनसन, १९९४ मध्ये पोलंडमध्ये पडला, तेव्हापासून व्हीलचेअरवर. इंग्लंडचा ली रिचर्डसन २०१२ साली व्रोत्सवाफला लीगच्या सामन्यात गेला, वय ३३. पोलंडचा क्रिस्तियान रेम्पावा २०१६ साली गेला, वय अवघं १८.

आणि डार्सी वॉर्ड. तोही ऑस्ट्रेलियाचा. २००९ आणि २०१० असा लागोपाठ दोनदा एकवीस वर्षांखालचा जगज्जेता. जुने लोक सांगतात की असा हात शतकात एखादाच येतो. २०१४ मध्ये लाटव्हियातल्या स्पर्धेच्या वेळी तो दारूच्या चाचणीत सापडला, दहा महिन्यांची बंदी आली. बंदी योग्यच होती, त्याबद्दल वाद नाही. २०१५ मध्ये परत आला. त्या ऑगस्टमध्ये पोलंडमध्ये झेलोना गुरा इथे लीगचा सामना, त्यातली शेवटची रेस. पुढच्या रायडरच्या चाकाला धडक बसू नये म्हणून याने गाडी वळवली आणि कुंपणावर गेला. मणका गेला. वय २३. जगभरच्या चाहत्यांनी त्याच्यासाठी पैसे गोळा केले.

हे ‘पैसे गोळा करणं’ मी डोळ्यांनी पाहिलंय. स्टेडियममध्ये दोन रेसच्या मध्ये माइकवरून सांगतात की अमुक रायडर जखमी आहे, त्याच्यासाठी बादली फिरते आहे. खरोखरीची प्लॅस्टिकची बादली. लोक मनापासून टाकतात, अगदी पेन्शनीतले लोकसुद्धा. मी पाचाची नोट टाकली आणि मला फार बरं वाटलं. मग चहा घ्यायला रांगेत उभा राहिलो आणि एकाएकी जत्रा आठवली.

आमच्या गावच्या जत्रेत मौत का कुआँ यायचा. फळ्यांच्या विहिरीत मोटारसायकलवाला गरागरा वर चढायचा आणि कठड्यावरून आम्ही नोट पुढे धरायचो. तो हात सोडून, भिंतीवर आडवा असतानाच, ती नोट घेऊन जायचा. वडिलांनी एकदा मला दहाची नोट धरायला दिली आणि परतताना म्हणाले, "पुढच्या वेळी खाली उतरल्यावर देऊ त्याला. आपल्या दहा रुपयांसाठी त्याने हात का सोडायचा?" वडील काही विचारवंत वगैरे नव्हते. साधे पोस्टातले कारकून. पण हा एवढाच मुद्दा एका अख्ख्या व्यावसायिक खेळाला इतक्या वर्षांत सुचू नये?

गोव्याचा शेजारी बरोबर बोलला होता.

आता तुम्ही म्हणाल, त्यांना कुणी बळजबरी केली होती? स्वतःच्या मर्जीने आले ना? हो, आले. पण धोका पत्करणं वेगळं आणि अटी पत्करणं वेगळं. वेगाचं वेड असलेल्या पोराने धोका निवडला, हे मान्य. ‘तुझा पाय मोडला तर त्याचा खर्च तुझा’ ही अट त्याने निवडलेली नाही. त्याच्यासमोर दोनच पर्याय होते, याच अटीवर ये किंवा येऊ नकोस. याला मर्जी म्हणायचं असेल तर उसाच्या फडावरचा कोयताही मर्जीचाच म्हणावा लागेल.

दुसरा युक्तिवाद जास्त हुशारीचा आहे. गुणांवर पैसे आहेत म्हणूनच रेस रंगते, बांधील पगार दिला की पोरं आळशी होतील. हा युक्तिवाद जगातला प्रत्येक मालक प्रत्येक कामगाराबद्दल करत आलाय. फुटबॉलवाल्यांना आठवड्याचा पगार असतो, ते काय मैदानावर झोपतात? आणि कर्तबगारीचं इतकं कौतुक असेल तर इंग्लंडच्या लीगचा संघबांधणीचा नियम बघा. संघातल्या सगळ्या रायडरच्या सरासऱ्यांची बेरीज एका ठराविक आकड्याच्या आत बसवावी लागते. हेतू चांगला, सगळे संघ सारखे राहावेत. पण परिणाम काय? एखाद्या पोराने यंदा जीव तोडून सरासरी वाढवली, की पुढच्या वर्षी तो बेरजेत बसत नाही. संघ त्याला सोडतो आणि कमी सरासरीचा दुसरा घेतो. म्हणजे वाईट खेळलास तर आज पैसे नाहीत आणि चांगला खेळलास तर उद्या जागा नाही! याला कुणी गुणवत्तेची कदर म्हणत असेल तर मी हात जोडतो.

तिसरं उत्तर मला खरंच अडवतं. ते म्हणजे, खेळात पैसाच नाही. इंग्लंडपुरतं हे बरंचसं खरं आहे. संघ चालवणारे काही टाटा-बिर्ला नाहीत, कितीतरी जण पदरमोड करून चालवतात. मैदानं एकेक करून गेली. एक्सेटरचं काउंटी ग्राउंड २००५ मध्ये, कॉव्हेंट्रीच्या ब्रँडनला शेवटचा हंगाम २०१६, वुल्व्हरहॅम्प्टनला २०२३. आमच्या स्विंडनने २०१९ मध्ये पुन्हा लीग जिंकली आणि तोच ॲबी स्टेडियममधला शेवटचा हंगाम ठरला. पुढच्या वर्षी कोरोना आला आणि स्पीडवे तिथे परतलाच नाही. विजेत्या संघाची ही कथा, तर बाकीच्यांचं काय बोलावं. मला ती जागा आजही आठवते. मिथेनॉलचा तो गोडसर वास, आणि घरी आल्यावर शर्टाच्या खिशातसुद्धा निघणारी ट्रॅकची माती.

पण मग पोलंडचं काय? तिथे हा खेळ फुटबॉलच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे, स्टेडियमं भरतात, टीव्ही आहे, प्रायोजक आहेत. जगातले सगळे बडे रायडर तिथेच कमावतात. तरी तिथेही कमाईचा कणा गुणांचाच. म्हणजे ही पद्धत गरिबीतून आलेली असेलही, पण ती श्रीमंतीतही टिकली. जी गोष्ट पैसा आल्यावरही बदलत नाही, ती पैशाअभावी होती असं कसं म्हणायचं?

शिवाय इंग्लंडनेही गरज पटली तेव्हा पैसा काढलाय. वळणावर हवा भरलेल्या गाद्यांची कुंपणं आली. ती स्वस्त नव्हती, पण आली, आणि त्यांनी माणसं वाचवली. गाडीच्या रचनेचे नियम बदलले, चाचण्या आल्या. गाडीसाठी आणि कुंपणासाठी नियम बदलता येतात, मग मजुरीसाठीच का नाही? माझी मागणी फार मोठी नाही. हंगामाचा किमान ठरलेला पगार, भले थोडा, वर गुणांचे पैसे खुशाल द्या. आणि डॉक्टर ‘बसू नकोस’ म्हणाला, तर तितके आठवडे त्या पगाराची हमी. त्यासाठी तिकीट एक-दोन पौंडांनी वाढवा, कमी पडलं तर चार सामने कमी करा. मी तिकिटावरून कुरकुर करणाऱ्यातलाच होतो, हेही कबूल करतो. बादलीत पाच टाकणारा मी, तिकीट दोनने वाढलं असतं तर ऑफिसात भाषण ठोकलं असतं. बादलीतल्या पाचात माझा मोठेपणा दिसतो. तिकिटातल्या दोनात तो कुणालाच दिसत नाही.

यात आणखी एक गोष्ट लपलेली राहते, ती म्हणजे वर्षं. न्यूझीलंडचा आयव्हन मॉजर १९५७ साली, कोवळ्या वयात, इंग्लंडला आला. जमलं नाही, परत गेला. १९६३ मध्ये पुन्हा आला. पहिलं जगज्जेतेपद १९६८ चं. म्हणजे पहिल्या प्रयत्नापासून अकरा वर्षं! पुढे त्याने अशी सहा मिळवली. स्वीडनच्या टोनी रिकार्डसनने २००५ मध्ये त्याची बरोबरी केली आणि २०२५ मध्ये, अवघ्या एका गुणाच्या फरकाने, पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिकने. तीन लीग लागोपाठ जिंकल्यावर म्हणे मॉजरला चाहत्यांनी, असं मी स्टँडमध्ये ऐकलं होतं; नीट पाहिलं तर ती तीन लागोपाठ जगज्जेतेपदं होती, १९६८ ते १९७०, आणि त्याबद्दल दोन अमेरिकन चाहत्यांनी त्याच्या गाडीला सोन्याचा मुलामा देऊन दिला. सोन्याची मोटारसायकल सगळ्यांना माहीत असते. मधल्या अकरा वर्षांचं बिल कुणी भरलं, ते कुणी विचारत नाही. त्यानेच भरलं. आणि त्याच अकरा वर्षांत जे शंभर जण तेवढंच बिल भरून काहीही न मिळवता घरी गेले, त्यांची नावं तुम्हाला माहीत नाहीत आणि मलाही नाहीत.

असो. ग्रुपवरच्या त्या व्हिडिओखाली मी शेवटी एकच ओळ टाकली, ‘यातला चौथा आलेला आहे ना, त्याला या रेसचे गुणांचे पैसे शून्य.’ बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एक मित्र, जो हल्ली स्वतःची गाडी घेऊन घरोघर पार्सलं पोचवतो, त्याने लिहिलं, ‘आमचंही तसंच आहे की. डिलिव्हरी परत आली तर शून्य. पेट्रोल आपलं.’

त्यावर मात्र कुणी अंगठा दाखवला नाही.